घरचा माइक

आमच्या घरी सकाळची जाग कोंबड्याने येत नसे, ‘हॅलो’ने येत असे. बाबा तोंड धुवायच्या आधी मशीन लावत. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. ते सुरू झाले की एक बारीक गुणगुण घरभर पसरे, मग माइकवर बोटाच्या पेराने टकटक, आणि मग झोपेने जड झालेला बाबांचा आवाज : ‘‘हॅलो... हॅलो... चेक.’’ आई तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत असायची. ते थापणे आणि ते ‘चेक’ माझ्या कानांत असे एकजीव होऊन बसले आहे की आजही कोणी भाकरी थापताना दिसले की आता कोणीतरी ‘हॅलो’ म्हणणार, असे वाटत राहते. परसात भोंगे एकात एक घालून ठेवलेले असत, मोठ्या धोतऱ्याच्या फुलांसारखे तोंड वासून. लग्नसराई नसली की त्यांच्यात आमच्या कोंबड्या बसत. एकदा आई भोंग्यातून अंडे काढून आणत म्हणाली, ‘‘एवढे भाषणं गेले यातून, पन कामाची गोष्ट एकच निंगाली.’’ बाबा आठवडाभर हे गिऱ्हाइकांना सांगत होते.

आमचे गाव अकोल्यापासून एसटीने तासाभरावर. काळी जमीन, मध्ये एक नाला, नाल्याच्या अलीकडे मोठ्या गल्ल्या आणि पलीकडे मजुरांची वस्ती. गावात माइकवाले आम्हीच. सभा कोणाचीही असो, भोंगा आमचा. सकाळी धर्म आणि देश सांगणाऱ्यांची सभा झाली की त्याच तारा, तेच बांबू दुपारी बैलगाडीतून शेतमालाच्या भावावर बोलणाऱ्यांकडे जात, आणि संध्याकाळी जात मोडा म्हणणाऱ्यांच्या वस्तीत. आमच्याकडे कामाला युसूफभाई होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मागच्या गल्लीतला. तारेला कथलाचा डाग मारताना राळेच्या धुराने डोळे बारीक करून तो म्हणायचा, ‘‘भाई, ये भोंगा किसी का रिश्तेदार नहीं. जो बोलेगा, उसी का मुँह.’’ त्याने एकाच दिवशी तीन सभांचे ‘झिंदाबाद’ ऐकलेले असत आणि तिन्हींची नक्कल तो जेवताना करून दाखवी. आई हसता हसता त्याच्या ताटात आणखी एक पातोडी टाकायची.

पण बाबांचा एक नियम होता. भाड्याने जायचे ते मशीन, भोंगे, बॅटरी आणि दुकानातले दोन माइक. तिसरा एक माइक होता, जुना, जाळीवर पोचा पडलेला. तो आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर असायचा. त्याला आम्ही ‘घरचा माइक’ म्हणत असू. तो फक्त तीन कामांना निघे : कोणी वारले तर, कोणाचे लेकरू हरवले तर, आणि पाण्याबद्दल काही सांगायचे असले तर. तेव्हा भोंगे बांधलेल्या आमच्या रिक्षात गाण्याची कॅसेट लागत नसे. बाबा स्वतः बसत, माइकवर दोनदा टकटक करत आणि म्हणत, ‘‘गावकरी मंडळी, आयका.’’ त्या दोन टकटकांनी गाव थांबायचे. न्हावी वस्तरा उचलून धरी. बायका विहिरीवर दोर हातात धरून उभ्या राहत. या कामाचे बाबा कधी काही घेत नसत. आणि पक्षांचे लोक कितीही मागे लागले तरी त्यांच्यासाठी बाबा स्वतः एक अक्षर बोलत नसत. ‘‘भोंगा भाड्याचा आहे, गळा नाही,’’ एवढेच म्हणत. ‘‘तुमचा मानूस बसवा अन् बोला काय बोलाचं ते.’’

बाबा भोंगेवाले असून त्यांना शांततेचे भारी वेड होते. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात दरवर्षी ते कामाला जात. तिथे मौनाच्या वेळी हजारो माणसे एकदम गप्प उभी राहतात तो क्षण त्यांना सगळ्यात आवडे. ‘‘तवा मशीन चालू पाहिजे अन् खरखर नाही आली पाहिजे. थो खरा माइकवाला,’’ ते म्हणत. मला तेव्हा हे कळत नव्हते. मला बोलायचे होते.

मला बोलायला शिकवले ते देशमुख गुरुजींनी. शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी त्यांनी मला निवडले आणि संध्याकाळी घरी बोलावू लागले. त्यांच्या ओसरीवर तुळशीपुढे दिवा असे, आत काकू श्लोक म्हणत असत, आणि गुरुजी पाटावर बसून माझे वाक्य मोडून मोडून पुन्हा जोडत. गुरुजी विचाराने धर्म-संस्कृतीच्या बाजूचे, पहाटे व्यायाम, स्वच्छ धोतर, वेळ म्हणजे वेळ. त्यांचा मुलगा गजानन माझ्या वर्गात होता. त्याला भाषणात गोडी नव्हती, पण माझ्यासाठी तो दाराआड उभा राहून टाळ्या वाजवायचा. गुरुजींनी मला एक गोष्ट सांगितली होती : ‘‘नाव घेण्याआधी श्वास घे, दिलीप. ज्याचं नाव घेतोस त्याला जागा करून दे. घाईत घेतलेलं नाव म्हणजे धक्का दिल्यासारखं असतं.’’

आवाज गुरुजींनी दिला, आणि त्या आवाजाने काय बोलायचे ते दिले अशोकमामांनी. मामा अमरावतीला कॉलेजात शिकवत. दाढी, खांद्याला झोळी, बोलताना समोरच्याच्या ताटातला ठेचाही उचलून खातील इतके रंगून जात. ते आले की आई तुरीच्या घुगऱ्या करायची आणि घरात रात्री वाद पेटत. म्हणजे वाद मामा एकटेच करत, बाबा जेवत. मामा म्हणायचे, हे जग दोन भागांत आहे, राबणारे आणि राबवणारे. देव, धर्म, परंपरा या सगळ्या राबवणाऱ्यांच्या चादरी. मी तोंड उघडे टाकून ऐके. आमच्या गावात ते मला डोळ्यांना दिसत होते. नवी नळयोजना झाली होती, मोठ्या गल्ल्यांना पाणी घरात आले होते, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया अजून विहिरीवर रांगेत होत्या. नगरपालिका गुरुजींच्या विचारांच्या लोकांच्या हातात होती.

शाळा संपल्यावर काही वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक आली; गजानन आता गुरुजींच्या पक्षाचा कार्यकर्ता होता. मामांचा पक्ष पहिल्यांदाच गावात पूर्ण ताकदीने उतरला. मामा सुट्टी टाकून आमच्याकडेच राहिले. एका जेवणात ते बाबांना म्हणाले, ‘‘भाऊजी, तुम्ही तटस्थ आहात असं तुम्हाला वाटतं. पण जो तटस्थ राहतो ना, तो जिंकणाऱ्याच्या घरचा गडी असतो.’’

बाबा म्हणाले, ‘‘अशोकराव, कढी घ्या.’’

‘‘नाही, उत्तर द्या. तुमच्या आवाजावर गाव थांबतं. तो आवाज तुम्ही गरिबांसाठी वापरत नाही. का?’’

बाबांनी कढीचा घोट घेतला. ‘‘उद्या नाल्याले पूर आला, तं म्या पूर सांगू का तुमचा इचार सांगू? एका तोंडानं दोन्ही सांगतले तं मानसं पुरातई इचारच पायतीन.’’

मामा हसले. मीही हसलो. मला वाटले, बाबा भित्रे आहेत. हे लिहिताना मला अजून शरम वाटते; पण तेव्हा मला तसेच वाटले होते आणि ते मी युसूफभाईला बोलूनही दाखवले. तो तारेला डाग मारत होता. त्याने मान वर न करता म्हटले, ‘‘तेरे अब्बा डरते नहीं रे. बचा के रखते हैं.’’

पुढच्या आठवड्यात बाबा मोझरीला कामावर गेले. मामांच्या प्रचाराची रिक्षा घेऊन मी वस्तीपासून मोठ्या गल्लीपर्यंत फिरत होतो आणि कोणी ऐकत नव्हते. ढोलकीचे गाणे, घोषणा, मग माझे भाषण; लोक खिडक्या लावून घेत. मामा म्हणाले, ‘‘दिलीप, आपलं खरं आहे, पण पोचत नाही.’’ मी घरी आलो. आई परसात मिरच्या वाळत घालत होती. मी फळीवरून लुगड्याचा तो तुकडा काढला. आईने पाहिले. ‘‘काहून रे, कोन मेलं?’’ तिने विचारले. मी म्हणालो, ‘‘पाण्याचं सांगायचं आहे.’’ ते खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

मोठ्या गल्लीच्या तोंडाशी मी रिक्षा थांबवली, गाणे बंद केले, माइकवर दोनदा टकटक केले. ‘‘गावकरी मंडळी, ऐका.’’ दारे उघडली. न्हाव्याने वस्तरा उचलला. मी म्हणालो, ‘‘नव्या नळाचं पाणी पिण्यालायक नाही.’’ आणि त्यानंतर पक्षाचे नाव, उमेदवाराचे चिन्ह. वस्तीला पाणी मिळत नाही हे खरे होते, पण ते सांगायला पाच वाक्ये लागत आणि तिसऱ्या वाक्याला खिडकी बंद होई. पाणी खराब आहे हे खोटे होते, पण ते एका श्वासात मावत होते. त्या दिवशी गावाने मला ऐकले. वाटेत बायका एकमेकींना विचारत होत्या. मामांनी मला मिठी मारली. मी आयुष्यात तेवढा उंच कधी झालो नव्हतो.

आज माझ्या फोनवर सकाळी चहाच्या आधी असे डझनभर ‘गावकरी मंडळी, ऐका’ येऊन पडलेले असतात. उजवीकडचे, डावीकडचे, मधले. सगळ्यांनी घरचा माइक उचलला आहे. मी ते वाचतो आणि कोणता मजकूर एका श्वासात मावतो आहे ते आधी पाहतो. जो मावतो त्याच्याकडे मी संशयाने बघतो. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही.

गजाननच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. चौकातल्या सार्वजनिक नळावर गुरुजी आले, स्वच्छ धोतर, हातात पितळी पेला. गजाननने नळ सोडला. गुरुजींनी गर्दीला पेला दाखवला आणि गटागटा रिकामा केला. टाळ्या पडल्या, ‘जय’ झाला. मग हा रोजचा कार्यक्रमच झाला. मी रिक्षातून पाण्याबद्दल बोलायचो आणि चौकात गुरुजी पाणी प्यायचे. पोरे म्हणायची, ‘‘चाला, पेला पाहाले चाला.’’ गुरुजी माझ्याकडे बघत नसत. गजानन बघत असे. एकदा वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘दिल्या, ज्यानं बोलनं शिकवलं थ्याच्याच घरावर भुंकून राहिला लेका!’’ मी त्याला वर्ग, शोषण, इतिहास असे काहीतरी सुनावले. त्याने माझ्या खांद्यावरची चपटी बॅटरी सरळ केली, कारण ती पडत होती, आणि गेला.

मग तो पाऊस झाला. नाल्याला लोंढा आला आणि नाल्यातून गेलेला नळाचा मोठा पाइप सकाळच्या पाण्याच्या वेळीच फुटला. गटाराचे पाणी त्यात शिरले. कोणाला कळायच्या आत अर्ध्या गावाची भांडी भरून झाली होती. नळाला पाणी सोडणारा वॉलमन चिखलाने माखून आमच्या दारात आला. असे झाले की नगरपालिकेतून कोणीतरी आमच्याकडेच येत असे, वर्षानुवर्षांची रीत. बाबा अजून मोझरीहून परतले नव्हते. ‘‘बाबा नाहीत? मंग तू सांग बापा. लवकर. कोनी पिऊ नोका म्हना, सांडून द्या म्हना.’’

मी रिक्षाकडे धावलो. युसूफभाईने प्रचाराच्या पताका ओढून काढल्या, तरी एक बाजूला लटकत राहिलीच. दोनदा टकटक. ‘‘गावकरी मंडळी, ऐका. पाइप फुटला आहे. नळाचं पाणी पिऊ नका. भरलेलं पाणी ओतून द्या.’’

वस्तीजवळच्या गल्ल्यांत, जिथे आमचे लोक होते, बायांनी हंडे ओतले. मोठ्या गल्लीत एक माणूस ओट्यावर दात कोरत बसला होता. तो म्हणाला, ‘‘आज नवीन काय बे? कालई हेच सांगत होता.’’ मी ओरडलो, ‘‘काका, आजचं खरं आहे!’’ तो इतका मोकळा हसला की शेजारचेही हसले. ‘आजचं खरं आहे’ हे वाक्य मी त्यानंतर कधीही उच्चारलेले नाही.

चौकात आलो तर गर्दी जमलेली. माझा आवाज ऐकला की आता पेला निघतो हे गावाला पाठ झाले होते. गुरुजी नळापाशी उभे होते. गजाननने पेला भरला. पाणी जरा गढूळ होते का, ते रिक्षातून दिसत नव्हते. पाऊस झाला की गढूळ पाण्याचे कोणाला काही वाटतही नाही. मी माइकमध्ये म्हणालो, ‘‘गुरुजी, पिऊ नका.’’ गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. मी पुन्हा म्हणालो, ‘‘गुरुजी, पाया पडतो, पिऊ नका.’’ माझा आवाज चारही भोंग्यांतून चौकभर गेला. कोणीतरी ओरडले, ‘‘हारले हारले, पाया पडून राहिले!’’ टाळ्या पडल्या. गुरुजींनी पेला ओठांना लावला.

माझ्यात आणि त्यांच्यात एका बैलगाडीच्या वाटेएवढे अंतर होते. मी खाली उडी मारून त्यांचा हात धरू शकलो असतो. मी ते केले नाही. दुसऱ्या झेंड्याच्या माणसांसमोर मी रिक्षातून उतरून, माइक खाली ठेवून, हात जोडत चौक ओलांडला असता तर ते कसे दिसले असते, हे माझ्या मनात येऊन गेले. त्या एका विचारात पेला रिकामा झाला. माझा गळा माइकला चिकटून राहिला होता. गुरुजींनी पेला उपडा करून दाखवला.

दोन दिवसांत गावात ओकाऱ्या आणि हगवण सुरू झाली. आणि ती कुठे झाली, हे सांगताना मला आजही थांबावे लागते. जिथे आमची मते होती तिथे तुरळक, जिथे त्यांची मते होती तिथे घरोघर. आजाराने गावाची विभागणी मतदारयादीसारखी चोख केली होती. गुरुजींना बैलगाडीतून एसटीपर्यंत आणि तिथून अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेले.

मामा नेमके अमरावतीला गेले होते, ते सकाळच्या गाडीने आले. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण चालण्यात उड्या होत्या. ‘‘दिलीप, रिक्षा काढ. घरचा माइक घे. आपण आधीच सांगितलं होतं, हे आज गावाला सांगायचं.’’

‘‘मामा, आपण सांगितलं तेव्हा ते खोटं होतं.’’

‘‘आता खरं झालं ना? इतिहास तारखा बघत नाही.’’

‘‘गुरुजी सलाइनवर आहेत.’’

‘‘म्हणूनच,’’ मामा म्हणाले. ते दुष्ट नव्हते. ते खरोखर गरिबांसाठी तळमळत होते, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तेवढ्याचसाठी मला त्यांची भीती वाटली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर मी मला पाहिले. मी म्हणालो, ‘‘मी नाही बोलणार.’’ मामा खूप वेळ बोलले. मी फक्त माइक लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसून राहिलो. शेवटी मामांनी अकोल्याहून दुसरा भोंगा मागवला आणि स्वतः बसून बोलले.

दुपारी बाबा आले. त्यांना एसटी स्टँडवरच सगळे कळले होते. त्यांनी मला मारले नाही. मांडीवरचा माइक घेतला, ट्रंकेत ठेवला, कडी लावली. मग चपला घालत म्हणाले, ‘‘चाल.’’

‘‘कुठे?’’

‘‘भोंग्यानं कोनी आयकत नाही ना आता? तोंडानं सांगू. दारोदार.’’

आईने मीठ-साखरेच्या पाण्याची कळशी भरली, उकळून गार केलेली, आणि तीही निघाली. युसूफभाई न सांगता मागून आला. आम्ही मोठ्या गल्लीच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली. मला सगळ्यांत कठीण गेले ते आवाज लहान करणे. एका हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायचे मी विसरलो होतो. दार उघडले की लोक माझ्या तोंडाकडे आधी आणि बाबांकडे नंतर बघत. काहींनी दार लावले. दात कोरणारा माणूस आता खाटेवर कण्हत होता. त्याची म्हातारी माय उंबरठ्यात आडवी उभी राहिली. ‘‘तुमी कोन्त्या पक्षाकून आले?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिले.

‘‘घरून आलो, माय,’’ मी म्हणालो.

मग तिने आईच्या कळशीकडे पाहिले. ‘‘आन मंग इकडे,’’ ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि नंतरचे कितीतरी दिवस आम्ही तसेच फिरलो. पाणी उकळा, लेकरांना हे पाजा, वॉलमनला शिव्या देऊ नका, त्याची चूक नाही. सभेतल्या हजार माणसांपेक्षा उंबरठ्यातला एक माणूस अवघड असतो. त्याला घोषणा देता येत नाही. तो विचारतो, ‘तुह्या डोयानं पायलं का?’ आणि पाहिले नसेल तर नाही म्हणावे लागते.

अकोल्याला गुरुजींना भेटायला मी एकटा गेलो. खाटेशी गजानन होता. मला पाहून तो उठून बाहेर गेला. गुरुजी वाळून गेले होते, धोतराऐवजी दवाखान्याचे कापड. मी पायाशी उभा राहिलो आणि पाठ करून आणलेले सगळे विसरलो.

गुरुजीच म्हणाले, ‘‘दिलीप, त्या दिवशी तू खरं बोलत होतास.’’

‘‘हो.’’

‘‘मला कळलं होतं. तुझा आवाज मी घडवला आहे. तो खोटा कधी असतो आणि खरा कधी, ते मला कळतं.’’

‘‘मग का प्यायलात, गुरुजी?’’

त्यांनी सलाइनच्या थेंबांकडे पाहिले. ‘‘पेला भरलेला होता,’’ ते म्हणाले. ‘‘आणि माणसं बघत होती.’’

मी त्यांना सांगितले की मीही त्याचसाठी रिक्षातून उतरलो नव्हतो. गुरुजींना हसू आले, आणि हसताना पोटात दुखले म्हणून त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघे दोन टोकांच्या विचारांचे, आणि शेवटपर्यंत तसेच राहिलो. त्यांनी मला त्यांच्या बाजूला ओढले नाही, मीही त्यांना माझ्या बाजूला नाही.

निवडणूक मामांच्या पक्षाने जिंकली, थोडक्यात. पुढे नाल्यापलीकडच्या वस्तीत नळ गेला, आणि तो आमच्या पक्षामुळेच गेला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. मी अजून त्याच विचारांचा आहे. विचार चुकीचा असता तर मी केव्हाच सुटलो असतो, ‘भरकटलो होतो’ म्हणून मोकळा झालो असतो. माझा विचार बरोबर होता, म्हणूनच ते ओझे उतरत नाही. विचार बरोबर असला म्हणजे आपण त्याच्यासाठी जे करू ते आपोआप बरोबर होते, ही समजूत मी त्या चौकात सोडली. ती सोडूनही माणूस विचाराला धरून राहू शकतो, याची मला आता खात्री आहे. आता अमरावतीला माझे साउंडचे दुकान आहे, सभा सगळ्यांच्या असतात. मागच्या निवडणुकीत एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. माझ्याच पक्षाचा, गुणी पोरगा. म्हणाला, ‘‘काका, दोन मिनिटं बोलून द्या फक्त, बाकी तुमच्या आवाजात हा लॅपटॉपच बोलतो.’’ मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, ‘‘भोंगा ने, बेटा. वाटलं तर चार ने. गळा नाही मिळत इथं.’’ त्याला वाटले असेल, काका भित्रे आहेत.

गुरुजी बरे होऊन घरी आले आणि पुढे काही वर्षे जगले. त्या वर्षांत ट्रंकेची कडी उघडली ती बाबांसाठीच. कोणी वारले की बाबाच बोलत, मी रिक्षा चालवी. कोणी मला बोलायला सांगितले नाही आणि मी मागितले नाही. लोक दुकानात येत, नमस्कार-चमत्कार होई, हसणे-बोलणे सगळे पूर्वीसारखे. फक्त तो माइक माझ्या हातात कोणी देत नव्हते. गावाने मला माफ केले होते; विश्वास ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, हे मला त्या वर्षांत रोज थोडेथोडे कळत गेले.

एका सकाळी आईची भाकरी तव्यावर असताना गजानन दारात आला. केस विस्कटलेले, अंगात नुसती बनियन. बाबांनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारायची गरज पडली नाही. ते आत गेले, कडी वाजली, लुगड्याचा तुकडा घेऊन बाहेर आले.

गजानन म्हणाला, ‘‘बाबा, तुमी नाही.’’ मग माझ्याकडे न बघता, ‘‘याले बोलू द्या. बापानं सांगून ठेवलं होतं.’’

बाबांनी माइक माझ्या हातात दिला. आईने तवा खाली उतरवला. युसूफभाईने भोंगे बांधले. गजानन रिक्षात माझ्या शेजारी बसला, बाबांनी रिक्षा चालवायला घेतली, आणि आम्ही मोठ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलो. मी दोनदा टकटक केले.

न्हाव्याने वस्तरा उचलला. तीच म्हातारी उंबरठ्यात आली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. कोणी खिडकी लावली नाही.

‘‘गावकरी मंडळी, ऐका,’’ मी म्हणालो. मग मी थांबलो, श्वास घेतला, गुरुजींच्या नावाला जागा करून दिली, आणि ते नाव घेतले.